वर्दी आली की ताट तसंच राहतं, मग वजन उतरवायचं कसं?

‘ताई, मी अग्निशमन दलात १६ वर्षं आहे. वय ४१, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, कंबर १०६ सेंटिमीटर. भरती झालो तेव्हा ७३ किलोचा होतो. २४ तास ड्यूटी, मग ४८ तास सुट्टी. यंदाच्या रक्ततपासणीत दाह दाखवणारा एचएस-सीआरपी ४.८ आला. डॉक्टर म्हणाले, अंगात दाह आहे, वजन उतरवा. एवढंच. मागच्या वर्षी ३० दिवस एकवेळ जेवलो, रोज तासभर पळालो. ६ किलो उतरले, गुडघा सुजला आणि चार महिन्यांत ७ किलो परत आले. केंद्रात सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो. वेगळा डबा नेला की पोरं ‘पेशंट आला’ म्हणतात. माझ्या बॅचचा एक मित्र आगीवरून परतल्यावर केंद्रातच छातीत दुखून गेला, ४३ वर्षांचा होता. तेव्हापासून मला धड झोप नाही. दाह कमी करायच्या गोळ्या घेऊ का? पुन्हा एकवेळ जेवण सुरू करू का?’

दादा, पत्रातल्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि कागद जरा वेळ खाली ठेवला. सोबत काम केलेला माणूस असा जातो तेव्हा प्रत्येकाच्या मनात ‘पुढचा मी तर नाही?’ हे येतंच. तुमची भीती खोटी नाही. हार्वर्डच्या स्टेफनोस केल्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फायरमनच्या १९९४ ते २००४ या काळातल्या ड्यूटीवरच्या मृत्यूंचा हिशेब २००७ साली मांडला. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाचा वर्षातला १ ते ५ टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या एवढ्याशा वेळेशी जोडलेले निघाले. गाढ झोपेतून घंटेला उठायचं, मिनिटभरात नाडी दुप्पट, अंगावर वीस किलोंचा सरंजाम, उष्णता, घामाने घट्ट झालेलं रक्त आणि धूर. निरोगी हृदय हे सोसून जातं. रक्तवाहिन्या आतून आधीच सुजलेल्या असतील तर तोच ताण जिवावर बेततो. तुमच्या रिपोर्टमधला दाह अशाच आतल्या सुजेची खूण असू शकतो. ती कमी करता येते, आणि तुमच्या वयात अजून पुष्कळ हातात आहे.

हा दाह तुम्हाला तुमच्याच कामाच्या भाषेत सांगते. ज्वाळा विझल्या तरी तुम्ही लगेच बंब वळवत नाही. ढिगाऱ्याखाली धुमसत असतं म्हणून तासन्‌तास कूलिंग चालतं. जखम झाली की तिच्याभोवती लाली आणि सूज येते, ती कामाची असते आणि काम झालं की जाते. पोटातली, आतड्यांभोवती साठलेली चरबी मात्र वर्षानुवर्षं धुमसत राहते. तिच्यातून इंटरल्युकिन-६ सारखे रेणू रक्तात सुटतात, ते यकृताला जाऊन भिडतात आणि यकृत सीआरपी बनवतं. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा तिथून आला. त्यात धुराचे बारीक कण, मोडलेली झोप आणि मध्यरात्रीचं खाणं भर घालतात.

तरी एका आकड्यावर जाऊ नका. एचएस-सीआरपी १ च्या खाली चांगला, ३ च्या वर जास्त असं धरतात, पण सर्दी, हिरड्यांचा पू, मुरगळलेला पाय, आदल्या दिवशीची मोठी आग किंवा झेपण्यापलीकडचा व्यायाम यातल्या कशानेही तो चढतो. तब्येत ठणठणीत असताना, निदान दोन आठवडे ताप-खोकला नसताना आणि दोन दिवस जड काम झालेलं नसताना तो पुन्हा करून घ्या. दात दाखवा, ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सोबत रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल पाहा. तुमचं वय, कंबर आणि काम लक्षात घेता व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना स्ट्रेस टेस्टबद्दल (चालता-पळताना केलेली हृदयाची तपासणी) स्वतःहून विचारा. घरच्यांना विचारा की तुम्ही घोरता का, घोरताना श्वास मध्येच अडतो का. जाड मानेच्या, पोट सुटलेल्या माणसाला झोपेत श्वास अडण्याचा त्रास असणं अगदी नेहमीचं आहे. तो असेल तर आधी त्याचा इलाज, कारण त्याच्यासमोर कोणताही आहार टिकत नाही. तंबाखू आणि सिगारेटचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. असेल तर खालचं सगळं वाचण्याआधी ते सोडायला लागा.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय काय खाऊ, किती वेळा खाऊ. माझ्या मते तुमचं वजन ताटामुळे कमी आणि रात्रीमुळे जास्त वाढलंय. आधी ती रात्र दुरुस्त करू.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि या कामानिमित्त एका केंद्रात अख्खी रात्र काढली आहे. रात्री अडीचला गाडी परत आली. चौघं जण तसेच, बूट न काढता, स्वयंपाकघरात शिरले. कोणी बसलं नाही. ओट्याला टेकून एकाने बिस्किटांचा पुडा फोडला, दुसऱ्याने उरलेला भात पातेल्यातूनच चमच्याने खाल्ला, तिसऱ्याने बाटलीतलं गोड पेय एका दमात संपवलं. दहा मिनिटांत सगळं उरकलं. सकाळी मी चौघांना वेगवेगळं विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं? चौघांनीही नाश्ता आणि दोन जेवणं बिनचूक सांगितली. अडीच वाजताचं कोणाच्याही तोंडून आलं नाही. ते लपवत नव्हते, त्यांच्या लेखी ते खाणंच नव्हतं.

शरीर मात्र ते मोजतं, आणि रात्री कडक मोजतं. रात्री इन्सुलिनचं काम ढिलं पडतं. जो भात दुपारी नीट जिरतो तोच रात्री अडीचला साखर जास्त चढवतो आणि ती जास्त वेळ चढलेली राहते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या अग्निशमन दलात हेच तपासून पाहिलं, निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. तुमच्यासारखीच २४ तासांची ड्यूटी करणारे १३७ जण होते. त्यातल्या निम्म्यांना सांगितलं की दिवसभरातलं सगळं खाणं १० तासांच्या आत बसवा, १२ आठवडे. आधी त्यांचं खाणं १४ तास पसरलेलं असायचं. प्रयत्न करून ते सरासरी ११ तासांवर आले, दहा काही जमले नाहीत. तरीही ज्यांचा रक्तदाब किंवा साखर आधीपासून वाढलेली होती, त्यांचा खालचा रक्तदाब आणि एचबीए१सी उतरला. मला त्यातला तो ११ चा आकडा फार धीर देणारा वाटतो. वर्दी काही घड्याळ बघून येत नाही, आणि नियम थोडा मोडूनही फायदा झाला.

म्हणून ड्यूटीच्या दिवशी पहिला घास सकाळी नऊला आणि शेवटचा संध्याकाळी सात-साडेसातला असं धरा. सुट्टीच्या दोन दिवसांतही जवळपास तेच, कारण शरीराला दर तिसऱ्या दिवशी नवीन वेळापत्रक सोसत नाही. पाण्याला मात्र वेळेचं बंधन नाही. वर्दी आली आणि ताट तसंच राहिलं तर परत आल्यावर ते जेवा, वाजलेले असोत कितीही. रात्री तासाभरापेक्षा जास्त, घाम निथळेपर्यंत काम झालं असेल तर उपाशी झोपू नका. पाणी, चिमूटभर मीठ, एक फळ, दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही. खाली बसून, हात-तोंड धुऊन. बूट काढून खाल्लं की निम्म्या वेळा तुमच्या लक्षात येईल की भूक नव्हती, तहान होती. छोटी वर्दी असेल, खोटी वर्दी असेल, तर पाणी पिऊन पडायचं.

एकवेळ जेवण नको. तुमच्यासाठी ते धोक्याचं आहे. वीस-बावीस तास पोटात काही नसताना जिना चढून आत शिरणं म्हणजे स्वतःचा आणि जोडीदाराचाही जीव टांगणीला लावणं. दुसरं कारण तुमच्या मागच्या वर्षीच्या ६ किलोंत दडलं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्यातले बरेच स्नायूंचे गेले असतील, आणि परत आलेले ७ बहुतेक चरबीचे. काटा सारखाच दिसतो, पण आतला माणूस अशक्त आणि धुमसणारा साठा मोठा. शिकागोत २०१० साली एक छोटा पण फार नेटका प्रयोग झाला होता. माणसं तीच, कमी केलेला आहार तोच. एकदा त्यांना रात्री साडेआठ तास झोपू दिलं, एकदा साडेपाच तास. दोन आठवड्यांत दोन्ही वेळा वजन साधारण ३ किलोंनी उतरलं. भरपूर झोप असताना त्यातली चरबी १.४ किलो होती. झोप तोडली तेव्हा चरबी फक्त ०.६ किलो गेली, बाकीचं मांस आणि पाणी. तुम्ही मागच्या वर्षी उपास, पळणं आणि तुटलेली झोप हे तिन्ही एकदम केलंत.

तेव्हा झोप हा तुमच्या आहाराचाच भाग समजा. ड्यूटी संपवून घरी आलात की आधी झोपा, दीड ते तीन तास, खोली अंधारी करून. व्यायाम त्यानंतर. ड्यूटीच्या दिवशी दुपारी निवांत असाल तर तासभर पडून घ्या, त्यात लाज कसली? दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, कारण त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनी कसंबसं निम्मं होतं. आणि मित्राच्या आठवणीने झोप उडत असेल तर ते कोणाशी तरी बोला. दलात समुपदेशक असतील तर त्यांच्याशी, नसतील तर तुमच्या डॉक्टरांशी. महिनोन्‌महिने झोप न लागणं हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि त्याने सीआरपीही चढतो.

ताटाबद्दल. फायरमनवर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो भूमध्य सागराकडच्या धाटणीच्या आहाराचा. इंडियानापोलिसच्या अग्निशमन दलात हार्वर्डच्याच मंडळींनी तो मोठ्या प्रमाणावर राबवून पाहिला. नावाला घाबरू नका, त्यात परकं असं काही नाही. डाळी आणि कडधान्यं रोज, भाज्या ताटात निम्म्या जागेवर, अख्खी धान्यं, फळं, मूठभर सुका मेवा, मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा, आणि स्वयंपाकाला ऑलिव्हसारखं वनस्पतीचं तेल. टिकवलेलं मांस, तळण, मैदा आणि बाटलीतली गोड पेयं कमी. यातलं एकच आधी करायचं असेल तर गोड पेय बंद करा. घामाच्या कामानंतर घशाखाली जातं तेव्हा ते औषध वाटतं, आणि तुमच्या पोटावर त्यानेच सगळ्यात सहज चरबी चढते.

प्रथिनं मात्र वाढवा. रोज १०० ते ११० ग्रॅम, तीन वेळांत वाटून. अंदाज यावा म्हणून: एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठी वाटी शिजलेल्या कडधान्यात १५ च्या आसपास, तळहाताएवढ्या माशाच्या तुकड्यात २० ते २५. (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.) एवढं पोटात गेलं की भात-पोळी आपोआप कमी होते, भांडावं लागत नाही.

आणि वेगळा डबा नेऊ नका. हे मी मनापासून सांगते. एकट्याचा डबा हरतो, तुमची इच्छाशक्ती कमी म्हणून नाही, तर एका टेबलावर बसणाऱ्या माणसांत वेगळं खाणं फार एकटं पाडतं म्हणून. ओरेगॉनमध्ये फायरमनसाठी ‘फ्लेम’ नावाचा एक कार्यक्रम झाला होता, त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. त्यात एका गटाने शिफ्टमधल्या सगळ्यांनी एकत्र बसून, आपल्यातल्याच एकाच्या पुढाकाराने ४५-४५ मिनिटांची सत्रं घेतली. बाहेरून कोणी व्याख्यान द्यायला आलं नाही. त्यांचं फळं-भाज्या खाणं वाढलं आणि वजनाची चढण आटोक्यात राहिली. तुमचं पातेलं एकत्र आहे ही अडचण नाही, ती तुमची सोय आहे. स्वयंपाकाची पाळी तुमची असेल त्या दिवशी ‘आजपासून डाएट’ अशी घोषणा करू नका. तेल बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजा, कडधान्याचं पातेलं मोठं चढवा, भाजी दुप्पट करा, आणि चव चांगली ठेवा. रात्रीसाठी फ्रिजमध्ये पुढच्याच कप्प्यात उकडलेली अंडी, कापलेली फळं आणि दही ठेवा. बिस्किटांचे पुडे वरच्या फळीवर, मागे. अडीच वाजता माणूस समोर दिसेल तेच खातो. आणि तुमच्या वयाचे अजून दोघं-तिघं तसल्याच रिपोर्टची चिठ्ठी खिशात घालून फिरत असतील, ते आपणहून तुमच्या बाजूला येतील.

व्यायामाचं पहिलं वाक्य गुडघ्यासाठी: पळणं सध्या बंद. ९४ किलोंनी रोज तासभर पळणं गुडघ्याला झेपलं नाही यात नवल काय? सुट्टीच्या दोन्ही दिवशी ४० मिनिटं भरभर चाला, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सायकल किंवा पोहणं असेल तर अजून चांगलं. दोन्हीपैकी एका दिवशी आणि ड्यूटीच्या दिवशी सकाळी अर्धा तास ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, पायरीवर चढउतार, जोर, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं, खाली ठेवलेलं वजन पाठ सरळ ठेवून उचलणं. ही तुमच्या कामाचीच हालचाल आहे. सहा आठवडे झाले, गुडघा शांत असला आणि स्ट्रेस टेस्ट ठीक आली, तर चालण्यात चढ घ्या, मग मिनिटभर जोरात आणि दोन मिनिटं हळू असं. पुढे कधीतरी १२ मेटपर्यंत, म्हणजे निवांत बसलेलं शरीर वापरतं त्याच्या बारा पट ऑक्सिजन वापरण्यापर्यंत, पोचायचं आहे. आग विझवण्याच्या कामाला दर किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरता यावा असा निकष आहे, त्याचा हा अर्थ. पण ते या तीन महिन्यांचं काम नाही.

ड्यूटीवर दमेपर्यंत व्यायाम कधीच करायचा नाही. थरथरत्या पायांनी आणि सुकलेल्या अंगाने वर्दीवर गेलात तर व्यायामच घात करेल. व्यायाम संपला तेव्हा ‘अजून तेवढंच करू शकलो असतो’ असं वाटायला हवं.

तुमच्याकडच्या तरुणांनी तुम्हाला ४० जोरांची गोष्ट सांगितली असेलच. २०१९ च्या एका अभ्यासात १,१०४ पुरुष फायरमनना दहा वर्षं पाहिलं. ४० पेक्षा जास्त जोर मारणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दहाही न मारू शकणाऱ्यांपेक्षा ९६ टक्क्यांनी कमी दिसला. खरं आहे, पण जोरांनी हृदय वाचलं असं त्यातून सिद्ध होत नाही. जास्त जोर मारणारे मुळात तरुण आणि सडपातळही होते. जोर म्हणजे स्वस्तातलं मापयंत्र समजा. आज सहा निघाले तर सहा लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा.

व्यायामाने दाह वाढत नाही का, असं तुम्हाला वाटेल. मोठ्या व्यायामानंतर काही तास वाढतोच. गंमत अशी की पोटाची चरबी जो इंटरल्युकिन-६ सोडते, तोच रेणू काम करणारा स्नायूही सोडतो. पण स्नायूतून तो थोडा वेळ येतो आणि दाह विझवणाऱ्या दुसऱ्या रेणूंना जागं करतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी स्नायूंतून येणाऱ्या अशा निरोपांना ‘मायोकाइन’ हे नाव दिलं. म्हणून पोट कमी होण्याची वाट न पाहताही व्यायाम पहिल्या आठवड्यापासून कामाला लागतो, फक्त तो झेपेल एवढा आणि नेमाने हवा.

गोळ्या नकोत. हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, स्वयंपाकातल्या हळदीचा तो प्रश्न नाही. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी खिशात ठेवत असाल तर ती मोठ्या आगीच्या आधी किंवा नंतर, अंगातलं पाणी कमी असताना घेऊ नका, किडनीला जबर फटका बसतो. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली तर मात्र टाळू नका. ती वेगळी गोष्ट आहे.

वजनाचं लक्ष्य ७३ ठेवू नका. १२ आठवड्यांत ६ ते ७ किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. वजनाच्या ७ टक्क्यांएवढी घट झाली की साखर, रक्तदाब आणि दाह तिन्हींवर फरक दिसू लागतो. काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा: दर रविवारी सकाळी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, कंबर मोजा. काटा हलला नाही पण टेप दोन सेंटिमीटरने आत आली, तर काम बरोबर चाललंय.

या सगळ्यात कधीही, व्यायामात असो की वर्दीवर, छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम, नेहमीच्या पायऱ्यांना धाप, असं काही झालं तर थांबायचं आणि जोडीदाराला तिथल्या तिथे सांगायचं. ‘गॅस असेल’ म्हणून केंद्रात परत येऊन आडवं पडायचं नाही. तुमची गाडी दुसऱ्यांना दवाखान्यात नेते, त्या रात्री ती तुम्हाला नेईल.

१२ आठवड्यांनी सीआरपी पुन्हा करा, त्याच अटींवर, आणि मला नवा आकडा आणि कंबरेचं माप कळवा. पुढच्या ड्यूटीला स्वयंपाकाची पाळी कोणाची आहे ते आजच बघून ठेवा.